दुर्गाबाईंच्या कामाचा मान

अभिनेत्री दुर्गा खोटे यांचा जन्म 14 जानेवारी 1905 रोजी, संक्रांतीच्या सुमारास मुंबईत झाला. त्यांची जयंती आली की दरवर्षी एक वाक्य नेमाने छापून येते: चित्रपटात पाऊल टाकणारी पहिली कुलीन घरातील स्त्री. या वाक्याने त्यांचा गौरव होतो असा आपला समज आहे. आमच्या मते त्याने दोन अन्याय होतात आणि त्यातला मोठा अन्याय खुद्द दुर्गाबाईंवर होतो.

पहिला अन्याय त्यांच्या आधी आलेल्या स्त्रियांवर. दादासाहेब फाळके यांच्या 1913 सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यानंतर मूकपटांच्या काळात कितीतरी जणींनी या धंद्याचा डोलारा आपल्या अंगावर पेलला. कोणी गाणाऱ्यांच्या घरातून आल्या, कोणी अँग्लो-इंडियन वा ज्यू कुटुंबांतून, कोणी फिरत्या नाटक मंडळीतून. त्यांच्या नशिबी लोकांची शिट्टी आली आणि लोकांची शिवीही आली. ‘पहिली कुलीन’ असे म्हणताना या साऱ्याजणींना आपण एका झटक्यात अकुलीन ठरवून मोकळे होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या समाजाने केलेली ही वर्गवारी आज आपण गौरवाच्या लेखात वापरावी, हे शोभणारे नाही.

दुसऱ्या अन्यायाची गोष्ट जरा विस्ताराने सांगावी लागेल.

दुर्गाबाई मूळच्या लाड. वडील पांडुरंग लाड मुंबईतले नावाजलेले सॉलिसिटर. कॅथीड्रल स्कूल आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण, मग धनाढ्य खोटे घराण्यात लग्न. पुढे सासरची श्रीमंती ओसरली, पदरी दोन मुलगे होते आणि तिशी गाठण्याआधीच वैधव्यही आले. चित्रपटात त्या आल्या त्या पोटासाठी. 1931 साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी एक छोटेसे काम केले. त्याच्या जाहिरातीत लाड आणि खोटे ही दोन्ही घराणी ठळकपणे मिरवली गेली आणि मग जो गदारोळ व्हायचा तो झाला. चित्रपट सुमार होता. त्यात काम करणाऱ्या बाईला मात्र नातेवाइकांचे टोमणे ऐकावे लागले. पुढे पन्नास वर्षे आपण ज्या ‘घरंदाजपणा’चे कौतुक करत आलो, त्याचा पहिला हप्ता हा असा वसूल झाला होता.

त्याच चित्रपटात दिग्दर्शक व्ही. शांतारामांना त्या दिसल्या आणि ‘प्रभात’ फिल्म कंपनीने त्यांना कोल्हापूरला बोलावले. 6 फेब्रुवारी 1932 रोजी ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. मराठीतला हा पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. पार्श्वगायनाची सोय अजून यायची होती, त्यामुळे नटांनी स्वतः गायचे, तेही कॅमेरा चालू असताना. तोच चित्रपट हिंदीतही निघाला. म्हणजे दर दृश्य दोन भाषांत करायचे. मायक्रोफोन नवा, तंत्र नवे, आणि मुख्य नायिका या कामाला सर्वस्वी नवी. हे सारे एका तरुण बाईने, घरदार मुंबईत ठेवून, कोल्हापुरात राहून निभावले. तारामतीच्या विकल्या जाण्याच्या प्रसंगात जे दुःख दिसते त्यात नाटकी आक्रोश फारसा नाही. पौराणिक पटांच्या त्या पहिल्या पिढीत असा संयम दुर्मिळ होता.

त्यानंतरचा दुर्गाबाईंचा मार्ग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या काळी नटनट्या कंपनीच्या मासिक पगारावर असत, पगार कंपनीचा आणि माणूसही कंपनीचाच. दुर्गाबाईंनी ते स्वतःला लावून घेतले नाही. ‘माया मच्छिंद्र’मध्ये स्त्रीराज्याची राणी किलोतला साकारून त्या कलकत्त्याला गेल्या. तिथे न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’मध्ये मीरा आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’मध्ये सीता, दोन्ही देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. मग पुन्हा प्रभात, आता पुण्यात, 1936 सालचा ‘अमरज्योती’. त्यातली सौदामिनी समुद्रावर चाचेगिरी करते, कारण राज्याच्या कायद्याने तिला तिच्या मुलापासून तोडलेले असते. स्त्रीला न्याय नाकारणाऱ्या राजसत्तेविरुद्ध शस्त्र उचलणारी नायिका 1936 साली पडद्यावर उभी करणे हे धाडस शांतारामांचे, पण तिचा ताठा प्रेक्षकाला पटवणे हे काम दुर्गाबाईंचे. नंतर आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’तली खाष्ट सासू आणि विजय भट्ट यांच्या ‘भरत भेट’मधली कैकेयी. नायिकेच्या आसनावर बसलेली नटी खलभूमिकेत जायला घाबरते, आजही. त्या गेल्या, आणि त्यांच्या सर्वांत दमदार कामांत या दोन बायका मोडतात.

कोणत्या कंपनीत काम करायचे, कुठली भूमिका घ्यायची, किती दिवस बाहेरगावी राहायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले. 1930च्या दशकात, भारतात, दोन मुलांच्या आईने! पुढे त्यांनी निर्मितीही हाती घेतली. लघुपट, जाहिरातपट, आणि अखेर दूरदर्शनवरची मालिका. 1988 साली घराघरांत पोचलेली ‘वागले की दुनिया’ दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती, हे आज किती जणांच्या ध्यानी आहे?

आता रंगभूमी. मराठी नाटकात स्त्रियांची कामे पुरुषांनी करण्याची परंपरा बालगंधर्वांमुळे वैभवाच्या शिखरावर पोचली होती. हिराबाई बडोदेकर आणि नंतर ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ज्योत्स्ना भोळे, पद्माबाई वर्तक यांनी ती वाट वळवली. दुर्गाबाई पडद्यावर नाव मिळवून मग मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत उतरल्या. चित्रपटातल्या कीर्तीवर नाटकाचे प्रयोग खपवता येतात, पण निभावता येत नाहीत. इथे कॅमेरा नाही, पुन्हा घेण्याची सोय नाही, आणि समोर नानासाहेब फाटक यांच्यासारखा आवाजाचा आणि देहबोलीचा नट. ‘भाऊबंदकी’त राघोबाची आनंदीबाई आणि शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधली राणी या भूमिका त्यांनी त्याच तोलाने केल्या. महत्त्वाकांक्षेने पेटलेल्या, नवऱ्याला पुढे ढकलणाऱ्या दोन स्त्रिया. पडद्यावरची सात्त्विक तारामती पाहिलेल्या प्रेक्षकापुढे या बायका उभ्या करायला किती आत्मविश्वास लागला असेल, याचा विचार करावा.

हिंदी प्रेक्षक त्यांना ओळखतो तो आईच्या भूमिकांमुळे. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई त्यांत अग्रणी. 1934 सालच्या ‘सीता’मध्ये पृथ्वीराज कपूर राम होते. सव्वीस वर्षांनी तेच अकबर झाले आणि दुर्गाबाई त्यांच्या बेगम. नवरा आणि मुलगा यांच्यात फाटलेली ती राणी फार थोड्या संवादांत बोलते, उरलेले डोळ्यांतून. पुढे ‘बावर्ची’, ‘अभिमान’, ‘बॉबी’, ‘कर्ज’. ‘बिदाई’साठी फिल्मफेअर, 1968 साली पद्मश्री, 1983चा दादासाहेब फाळके पुरस्कार. अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपदही. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचे निधन झाले.

एवढे काम आणि ते एका विशेषणात कोंबायचे? दुर्गाबाई कुठल्या घरात जन्मल्या यात त्यांचे कर्तृत्व काही नव्हते. घर सुटल्यासारखे झाले तेव्हा त्यांनी जे काम मिळाले ते घेतले, ते शिकून घेतले, त्याची किंमत मागितली आणि पाच दशके ते उत्तम केले. मराठी मुलुखातील कमावत्या स्त्रीच्या इतिहासात त्यांची जागा आहे. परिचारिका, शिक्षिका, टेलिफोन ऑपरेटर या त्यांच्याच काळात घराबाहेर पडलेल्या बायकांच्या शेजारी. या इतिहासात अभिनेत्रीचे नाव सहसा घेतले जात नाही, कारण तिच्या कामाला आपण अजून काम मानत नाही. नाटक-चित्रपटांत उमेदवारी करणाऱ्या तरुण मुलींना आजही घरातून, सोसायटीतून, कधी कधी भावी सासरहून जे प्रश्न ऐकावे लागतात, त्यांचे मूळ इथेच आहे.

1982 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र प्रत्येक वाचनालयात असायला हवे. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवादही केला आहे. नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थांनी ते विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, आणि चित्रपट मंडळांनी फाळक्यांच्या चित्रपटांइतक्याच आवडीने ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अमरज्योती’ दाखवावेत. ज्यांना हे चित्रपट पाहायला मिळतील त्यांनी तारामती आणि सौदामिनी लागोपाठ पाहाव्यात. आणि पुढच्या 14 जानेवारीला संपादकांनी, आमच्यासह, ‘कुलीन’ हा शब्द गाळून दुर्गाबाईंवर लिहावे.