सोडायला आलेली माणसं

माझी बहीण सिंगापूरला असते, म्हणून चांगी विमानतळ बघायचा योग आला. परतीच्या दिवशी दाजी म्हणाले, "विमान रात्रीचं आहे, पण दुपारीच निघू. तिथेच जेवू." म्हटलं, विमानतळावर कोण मुद्दाम जेवायला जातं?

लोक जातात! ज्वेल नावाची काचेच्या घुमटाची इमारत आहे, २०१९ साली सुरू झालेली. छताच्या मधल्या भोकातून ४० मीटर पाणी कोसळतं, भोवती झाडी. बघायला तिकीट नाही, पासपोर्ट नाही. कोणी आजोबा नातवाला घेऊन आलेले. टर्मिनलमध्ये पोरं वह्या उघडून अभ्यासाला बसलेली. शहरातून मेट्रोने तिथे येता येतं. बहीण मला पासपोर्ट तपासणीच्या दारापर्यंत सोडायला आली.

हा धर्मादाय नाही, हेही सांगतो. धबधब्याभोवती मजल्यामजल्यावर दुकानं आहेत. मीही चॉकलेटं घेतलीच.

आपल्याकडे दारातच जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. त्याच्यावर राग नाही. १९९९ चं कंदाहार आपण भोगलंय, २००० पासून विमानतळ सीआयएसएफकडे जाऊ लागले ते त्यानंतरच. सुरक्षा हवीच.

पण आपल्या तालुक्यातलं पोरगं दुबईला निघालं की गाडी भरून माणसं निघतात. आई, आजी, मामा, दशम्यांचा डबा. सहा-सात तासांचा प्रवास. आणि निरोप? रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या, मागून हॉर्न, पार्किंगचे पैसे वाढतायत. पोरगं काचेपलीकडे दिसेनासं झालं की आजी विचारते, "गेला का रं?" तो आत रांगेत असतो, विमानाला अजून तीन तास असतात. काही ठिकाणी थोडीफार सोय आहे, नाही असं नाही. पण ती शोधावी लागते, आणि तिथली कॉफी घ्यायची तर आजी किंमत ऐकूनच नको म्हणते.

मला धबधबा नको. दाराबाहेर छप्पर, बाकडी, प्यायचं पाणी, स्वच्छ संडास आणि विमान सुटलं की नाही ते मराठीत सांगणारा बोर्ड, एवढं पुरे. आपल्या एसटी स्टँडची कितीही टिंगल करा, तिथे सोडायला आलेल्या माणसाला गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभं राहता येतं.

नव्या विमानतळांची घोषणा झाली की धावपट्टी किती लांब, जमीन कुणाची गेली यावर आम्ही पत्रकार रकाने भरतो. जमिनीचा प्रश्न मोठाच आहे. पण सोडायला आलेली माणसं कुठे बसणार, हे मी वीस वर्षांत एकाही पत्रकार परिषदेत विचारलेलं नाही. पुढच्या वेळी विचारणार आहे.