मेंढीचा मेंदू आणि वैद्याचे प्रत्यक्षज्ञान

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितलेला मृतशोधनाचा विधी आपणांपैकी प्रत्येकाने परीक्षेपुरता का होईना, पाठ केलेला असतो. सर्व अवयवांनी युक्त, विषाने वा दीर्घ व्याधीने न मेलेल्या मनुष्याचे शरीर मुंज-कुशादिकांनी वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, आडजागी नदीच्या पाण्यात कुजवावे आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, वेळू यांच्या कुंच्यांनी हळूहळू घासत त्वचेपासूनचे प्रत्येक अंग-प्रत्यंग डोळ्यांनी पाहावे. शास्त्र आणि प्रत्यक्ष या दोहोंच्या योगानेच ज्ञान वाढते, हा त्या विधीमागील सिद्धांत होय.

या विधीने त्वचा, मांस, स्नायू, अस्थी यांचे दर्शन उत्तम घडते. परंतु देहातील अत्यंत मृदू अवयव, अर्थात मेंदू, सात रात्री पाण्यात टिकत नाही. तो विरघळू लागतो. संहितांमध्ये मस्तुलुंगाचा उल्लेख आहे. भग्नचिकित्सेत कपाल फुटूनही मस्तुलुंग बाहेर न आलेल्या रुग्णाचा वेगळा विचार आहे, आणि मस्तुलुंगक्षयाने बालकाची टाळू खचते हेही सांगितले आहे. चरकाचार्यांनी शिरास उत्तमांग म्हटले. मात्र मेंदूच्या अंतर्भागाचे तपशीलवार वर्णन आढळत नाही. ही न्यूनता आचार्यांच्या बुद्धीची नसून त्या काळच्या साधनांची होती, असे आमचे मत आहे. आज फॉर्मॅलिन उपलब्ध असताना तीच न्यूनता आपण बाळगली, तर दोष आपल्याकडे येतो.

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. एकाएकी चक्कर, उलट्या आणि चालताना जाणारा तोल घेऊन आलेला रुग्ण पित्तप्रकोपाचा असू शकतो, तसाच लहान मेंदूत रक्तस्राव झालेलाही असू शकतो. उजवा हात लुळा पडून वाचाही गेलेल्या रुग्णाची विकृती बहुधा मेंदूच्या डाव्या गोलार्धात असते. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. अशा वेळी अभ्यंगाची तयारी करीत बसणारा वैद्य रुग्णाचे आयुष्यभराचे नुकसान करू शकतो. पक्षाघातावरील आपली चिकित्सा पुढील पुनर्वसनात उपयुक्त ठरावी, यासाठीही प्रथम रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचला पाहिजे. मेंदू ज्याने हातात धरून पाहिला आहे, त्यास हा निर्णय घेताना चाचपडावे लागत नाही.

मानवी मेंदू प्रत्येकास मिळणे अशक्य; मेंढीचा मात्र सहज मिळतो. मटणाच्या दुकानात तो भेजा म्हणून विकला जातोच, तेव्हा त्यासाठी वेगळा जीव घ्यावा लागत नाही. डोके मधोमध फोडू नये, असे आधी सांगून ठेवल्यास तो अखंड मिळतो. १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, भांड्याच्या तळाशी टेकून चपटा होणार नाही अशा बेताने दोन आठवडे ठेवला की तो घट्ट होतो. हातमोजे घालून, पाण्याने नीट धुऊन, हवेशीर जागी तो पाहावा.

वरून पाहता वळ्यांनी भरलेले मोठ्या मेंदूचे दोन गोलार्ध दिसतात. संवेदना आणि ऐच्छिक हालचाल यांचे हे अधिष्ठान. त्यांच्या मागे तोल व हालचालींचा मेळ सांभाळणारा लहान मेंदू. उलटा केल्यावर पुढे दोन मोठे घ्राणकंद आणि त्यांच्या मागे दृष्टिचेतांची फुली दिसते. त्याखालील पियूषिका ग्रंथी बहुधा कवटीच्या खळग्यातच राहून जाते. आणखी मागे सेतू आणि लंबमज्जा. श्वास आणि हृदयगती यांचे नियमन लंबमज्जेत होते. मधोमध उभा छेद घेतल्यास दोन गोलार्धांस जोडणारा कॉर्पस कॅलोसम, त्याखाली संवेदनांचे वाटपकेंद्र असा थॅलॅमस, मागे पिनियल ग्रंथी आणि दृष्टी-श्रवणाशी संबंधित चार उंचवटे स्पष्ट ओळखता येतात. लहान मेंदूच्या छेदात पांढऱ्या द्रव्याची झाडासारखी नक्षी दिसते.

तथापि मेंढी म्हणजे मनुष्य नव्हे, हे क्षणभरही विसरता कामा नये. मेंढीचा मेंदू सुमारे १४० ग्रॅम, मनुष्याचा सुमारे १३५० ग्रॅम. मेंढीत मेंदूचा कांड जवळजवळ सरळ मागे जातो. मनुष्यात तो खाली वळतो, आणि लहान मेंदू मोठ्या मेंदूच्या खाली झाकला जातो. घ्राणकंद मेंढीत मोठे, मनुष्यात लहान. भाषेचे केंद्र मेंढीत शोधून सापडणार नाही. इतिहासातील धडाही येथे स्मरावा. रोमन साम्राज्यातील वैद्य गॅलेन याने गुरे-मेंढ्यांच्या मेंदूच्या तळाशी असणारे रक्तवाहिन्यांचे जाळे मनुष्यातही असते असे मानले. ते मनुष्यात नसते. तरीही सुमारे तेराशे वर्षे ते शिकविले गेले. सोळाव्या शतकात बेरेंगारिओने त्यावर शंका घेतली आणि १५४३ मध्ये व्हेसॅलियसच्या ग्रंथाने ते नाकारले. पशूवरून शिकावे, पण पडताळा मानवी शारीरातच घ्यावा.

औषधनिर्मात्या बंधूंसही आमचे एक निवेदन आहे. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने आपण श्रद्धेने तयार करतो आणि वेष्टनावर मेंदूचे चित्र छापतो. त्या चित्रातील कोणत्या भागावर आपल्या कल्पाचे कार्य आहे, असे ग्राहकाने विचारल्यास काय उत्तर द्यावे, याचा विचार चित्र छापण्यापूर्वी व्हावा. ज्याचे उत्तर प्रमाणाने देता येत नाही, तो दावा वेष्टनावर नसावा.

१८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन करून रूढीचे बंधन तोडणारे मधुसूदन गुप्त हे आयुर्वेदाचे अध्ययन केलेले वैद्य होते. त्यांनी शास्त्र सोडले नाही, प्रत्यक्ष जोडले. प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा, जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या शारीर विभागाच्या साहाय्याने, सभासदांसाठी मेंदूदर्शनाचा वर्ग घ्यावा. मेंढीचा मेंदू प्रत्येकाच्या हाती आणि मानवी मेंदू मेजावर तुलनेसाठी, एवढी सिद्धता पुरेशी आहे. खर्च अल्प आहे. त्यातून वाचणारा एखादा रुग्णही त्या खर्चाहून फार मोठा आहे.