अनामत रक्कम कोणाची?

तीन-चार तरुण मिळून एक सदनिका भाड्याने घेतात आणि मुदत संपण्यापूर्वीच निघून जातात. अशा वेळी बिचाऱ्या घरमालकाने करावे काय, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सुस्थित वस्त्यांतून मोठ्या कळवळ्याने विचारला जातो. अनामत रक्कम जप्त करावी आणि उरलेल्या महिन्यांचे भाडेही वसूल करावे, हे त्याचे ठरलेले उत्तर. ह्या उत्तरामागचा हितसंबंध तपासून पाहिला पाहिजे.

महाराष्ट्रात हे करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने होतात. परवाना म्हणजे जागेत कोणताही हक्क निर्माण न करणारी निव्वळ वापराची मुभा. मुदत संपली की राहणाऱ्याने बाहेर पडायचे. न पडल्यास १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ अन्वये दुप्पट दराने भरपाई द्यायची. ह्या व्यवस्थेला इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे परवाने चालू होते, त्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. त्यानंतर अनेक मालकांनी घरे कुलूपबंद ठेवणे पसंत केले, हे डाव्या चळवळीनेही नाकारण्याचे कारण नाही. पण १९९९ च्या कायद्याने मालकांची ती भीती दूर केली. आता त्यांची मागणी अशी की, हक्काचा प्रश्न आला की राहणारा केवळ परवानाधारक, आणि भाड्याचा प्रश्न आला की तोच अकरा महिन्यांना बांधलेला कूळ! दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याची ही सोय कोणत्या न्यायाने मिळावी?

समजा, भाडे २४,००० रुपये, अनामत ७२,००० रुपये, राहणारे तिघे. पूर्ण अकरा महिने जागा सोडायची नाही, अशी ‘लॉक-इन’ची अट करारात आहे. चार महिन्यांनी एकाची नोकरी जाते, दुसऱ्याची बदली बंगळूरला होते. तिसऱ्याला एकट्याने २४,००० रुपये भरणे अशक्य, म्हणून तोही निघतो. मालक सात महिन्यांचे १,६८,००० रुपये मागतो. ते त्याला मिळू शकतात काय? १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळेल. कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते, हेही पाहावे लागते. म्हणजे घर रिकामे ठेवून, हात बांधून बसलेल्या मालकाला सात महिन्यांचे भाडे आपोआप मिळत नाही. महिन्याभरात नवा भाडेकरू मिळाला, तर एक महिन्याचे भाडे आणि फार तर एक महिन्याची दलाली, असे ४८,००० रुपये त्याचे खरे नुकसान. उरलेले २४,००० रुपये त्याने परत केलेच पाहिजेत. व्यवहारात मात्र ते परत मिळत नाहीत. कारण पैसा मालकाच्या खिशात आहे आणि त्या रकमेसाठी न्यायालयाची पायरी चढणे नव्याने नोकरी शोधणाऱ्या पोरांना परवडत नाही. दावा लावण्याचा भार दुर्बळावर टाकणे, हेच अनामतीचे खरे कार्य होऊन बसले आहे.

आणि ह्या रकमेवरील व्याज? मुद्रांक शुल्क आकारताना शासन परतफेडीच्या अनामतीवर दर साल दहा टक्के व्याज गृहीत धरते. ७२,००० रुपयांवर अकरा महिन्यांचे ते ६,६०० रुपये होतात. अनामत हे मालकाचे उत्पन्नाचे साधन आहे, हे सरकारी तिजोरीला समजते; मात्र ते व्याज ज्याचे पैसे त्याला द्यावे, हे कोणाला सुचत नाही. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, पण तो राज्यांवर बंधनकारक नाही.

सर्वांत बिकट अवस्था मागे राहिलेल्या सोबत्याची. कलम ४३ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर मालक कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने भरली त्याने इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करावा, असेही ते कलम म्हणते. बंगळूरला गेलेल्याचा पत्ता शोधत हिंडणार कोण? अर्थात ‘वेगळे ठरले नसेल तर’ ह्या शब्दांतच वाट आहे. प्रत्येकाचा वाटा करारात स्वतंत्र लिहून घेता येतो, आणि जाणाऱ्याने बदली माणूस दिल्यास त्याची सुटका होईल, असेही कलम घालता येते.

सगळेच मालक धनदांडगे नसतात, हे खरे. निवृत्तिवेतनाला भाड्याची जोड देणारा वृद्ध आणि दहा सदनिका अडवून बसलेला गुंतवणूकदार ह्यांना एका मापाने मोजू नये. परंतु त्या वृद्धालाही हवी असते ती महिन्याची पूर्वसूचना आणि नवा भाडेकरू. जप्तीने त्याचा प्रश्न सुटत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांतून सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. त्यांच्या कुलपांच्या किल्ल्या त्या वृद्धाकडे नव्हत्या.

पक्षाने मागणी करावी ती नेमकी असावी : अनामत दोन महिन्यांहून अधिक नको, ती त्रयस्थ खात्यात राहावी, व्याज राहणाऱ्याला मिळावे आणि कपात करायची असल्यास नुकसान सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा. कायदा बदलेपर्यंत शाखांनी विद्यार्थी व तरुण कामगारांचे करार सही होण्यापूर्वी वाचून देण्याची सोय करावी. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. किती तरुणांना हे ठाऊक आहे?