ओळखीची नोकरी

जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या विहारात बेकार पोरांसाठी मार्गदर्शन ठेवलं होतं. पाहुणा आपलाच. मोठ्या कंपनीत साहेब. म्हणाला, ‘पोरांनो, जाहिरातीची वाट बघत बसू नका. जाहिरात निघते तेव्हा जागा भरलेली असते. वेगळ्या वाटा शोधा. ओळखी वाढवा. साहेबाला थेट जाऊन भेटा. स्वतःला विकायला शिका.’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. घरी आलो आणि स्वतःचीच लाज वाटली.

ओळख म्हणजे काय, दोस्तांनो? ज्याचा मामा बँकेत, काका मंत्रालयात, आत्याचा नवरा कारखान्यात, त्याला ओळख वाढवावी लागत नाही. ती त्याला बारशालाच पाळण्यात मिळते. माझा बाप जन्मभर नाक्यावर उभा राहिला. त्याला फक्त मुकादम ओळखत होता. मुकादमाच्या ओळखीवर डोक्याला पाटी मिळते, बुडाखाली खुर्ची मिळत नाही. या देशात ओळखीचं खरं नाव जात आहे. तिला तुम्ही गुणवत्ता म्हणा नाहीतर घरचे संस्कार म्हणा.

मी हे रागानं बोलतोय असं वाटत असेल तर आकडे घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ६६ आठवडे पेपरातल्या जाहिराती गोळा केल्या. ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. २००७ साली निकाल छापला. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश. मुसलमान नावाची एक तृतीयांश. आणि ही खाजगी कंपन्यांची गोष्ट, जिथं म्हणे जात कुणी विचारत नाही. खरं आहे. विचारायची गरजच काय? आडनाव वाचता येतं त्यांना.

आता माझी वेगळी वाट ऐका. जुन्या नावानं मी तीस अर्ज टाकले. एकही बोलावणं नाही. मग राजपत्रात रीतसर आडनाव बदललं. गावाच्या नावाला ‘कर’ लावला. तेच मार्क, तेच टायपिंग. चौथ्याच अर्जाला बोलावणं. मुलाखतीत साहेब हसून म्हणाला, ‘छान. मूळचे कुठले? घर कोणत्या आळीला? कुलदैवत?’ मी म्हणालो, ‘खंडोबा.’ नोकरी लागली.

अकरा महिने ती नोकरी केली. डब्यात बोंबील नेणं बंद केलं. सहा डिसेंबरला ताप आला म्हणून कळवलं आणि चैत्यभूमीच्या रांगेत तोंडाला रुमाल बांधून उभा राहिलो. कुणी बघेल म्हणून. बाबासाहेबांच्या दारात चोरासारखा. एकदा डबा घरी विसरला. आई तो घेऊन फाटकावर आली, वॉचमनला मोठ्यानं म्हणाली, ‘जयभीम बाबा, माझ्या लेकराला बोलव.’ शेजारच्या टेबलवाल्यानं विचारलं, ‘कोण रे?’ मी म्हणालो, ‘गावाकडची आहे.’ आई म्हणालो नाही.

आईनं ते ऐकलं. संध्याकाळी काही बोलली नाही. भाकर वाढली फक्त. महिन्याभरात मी नोकरी सोडली.

पोटासाठी आडनाव झाकणाऱ्या कुणालाही मी दोष देणार नाही. भुकेला उपदेश करणारा मी कोण? पण त्याला युक्ती म्हणू नका. ते भाडं आहे. रोज भरायचं असतं आणि घर कधी आपलं होत नाही.

बाबासाहेबांकडे बघा. परदेशात शिकून आलेला माणूस. १९१७ साली बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळाली नाही. मुंबईला परत आले. शेअरबाजाराचा सल्ला द्यायचा धंदा काढला. जात कळली आणि गिऱ्हाईक आटलं. एवढी अक्कल बाजारात एकट्यानं उभी राहून विकली गेली नाही, तिथं तुम्ही-आम्ही स्वतःला काय विकणार? तोच माणूस १९४२ साली व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचा सभासद झाला आणि १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्यासाठी ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या. ओळखीच्या जागी नियम आणला. वेगळी वाट म्हणायची तर ही.

तो नियम आज कुठल्या कपाटात सडतोय ते तरी बघितलं का कुणी? त्याचं नाव बिंदुनामावली. कोणती जागा कोणाची, कोणती रिकामी, सगळं तिच्यात असतं. २००० सालच्या ८१ व्या घटनादुरुस्तीनं सांगितलंय, राखीव अनुशेषाच्या जागा पुढच्या वर्षी वेगळ्या धराव्या, पन्नास टक्क्यांच्या मर्यादेत मोजू नयेत. म्हणजे ती जागा मरत नाही. मारली जाते.

आम्ही पाचजण विहारात बसलो. माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय, शब्द दीडशेच्या आत. तालुक्यातल्या एका कार्यालयाला बिंदुनामावलीची प्रत मागितली. तीस दिवसांनी उत्तर आलं, ‘अद्ययावत करण्याचे काम सुरू आहे.’ अपील केलं. प्रत मिळाली. आपल्या दोन जागा सात वर्षं रिकाम्या. आणि त्या कामावर कंत्राटी पोरं. त्यातला एक आमच्याच गल्लीतला, निम्म्या पगारावर, ओळखीनं लागलेला!

त्यातून अजून कुणाला नोकरी लागली नाही. खोटं सांगणार नाही. पण आता त्या कार्यालयात आम्ही गेलो की बाबू खुर्चीतून उठतो. आणि तो कंत्राटी पोरगा रात्री आमच्यात येऊन बसतो. मुंबईत महापालिकेचा कचरा उचलणारे २७०० कंत्राटी कामगार असेच बसले होते. बहुतेक आपलेच. कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं कोर्टात झगडून २०१७ साली सुप्रीम कोर्टातून त्यांना कायम करून घेतलं. त्यांनी नोकरी शोधली नाही. करत होते ती कबूल करायला लावली. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. पोरांनी ओरड केली, ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला.

म्हणून पुढच्या जयंतीला पाहुणा बोलावू नका. डीजेच्या पैशातून शंभर स्टॅम्प आणा. प्रत्येक वस्तीनं एक कार्यालय वाटून घ्या. आपण एकमेकांची ओळख झालो तरच साहेबाच्या ओळखीची गरज सरेल.

मी जुनं आडनाव परत घेतलंय. पुन्हा राजपत्राची फी भरली. आई म्हणाली, ‘लेका, फुकटचं होतं ते दोनदा विकत घेतलंस.’

जयभीम.