वाक्प्रचारांचे पाठांतर आणि व्यवहाराचे अज्ञान

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अराजपत्रित पदांच्या परीक्षांत इंग्रजी वाक्प्रचार व त्यांचे अर्थ हा अभ्यासक्रमाचा नेमून दिलेला भाग आहे. साहजिकच मार्गदर्शक पुस्तकांतून डाव्या बाजूस वाक्प्रचार आणि उजव्या बाजूस अर्थ अशा लांबलचक याद्या छापल्या जातात व उमेदवार त्या पाढ्यांप्रमाणे घोकतात. चार पर्यायांतून एक निवडण्यापुरती ही तयारी पुरेशी असेलही. परंतु पुढे हाच उमेदवार अर्थसंकल्पावरील भाष्य किंवा बँकेचा अहवाल वाचू लागतो, तेव्हा त्याची पंचाईत होते. शब्द सारे ओळखीचे असतात, अर्थ मात्र हाती लागत नाही.

वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांच्या बेरजेतून निघत नाही, हे मराठी माणसास नवे नाही. त्यामागे एखादी वस्तू, चालरीत किंवा कथा उभी असते. ती ठाऊक झाली की अर्थ आपोआप उलगडतो. इंग्लंडमध्ये सरकारी व कायदेशीर कागदपत्रे लाल फितीने बांधीत. त्यावरून कचेरीतील दिरंगाईस 'रेड टेप' हे नाव पडले. मराठीत 'लालफीत' सहज रुजली, कारण दफ्तराच्या गठ्ठ्यावरील फीत येथील माणसानेही पाहिली होती. मराठीत दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण. तरीही तोट्यातील महामंडळास 'पांढरा हत्ती' म्हटलेले कोणास खटकत नाही. सयामचा राजा मर्जीतून उतरलेल्या सरदारास पवित्र पांढरा हत्ती भेट देई, त्यास कामाला लावता येत नसे आणि त्याला पोसता पोसता सरदाराचे दिवाळे निघे, ही आख्यायिका वाक्प्रचाराच्या जोडीने येथवर आली.

जेथे असा आधार मिळत नाही, तेथे शब्दशः भाषांतर केवळ अपुरेच नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात वापरलेला 'इन्व्हिजिबल हँड' हा शब्दप्रयोग पाहावा. आपापला लाभ साधू पाहणाऱ्या व्यक्तींकडून, त्यांच्या मनात नसताही, समाजाचे हित साधले जाते, असा त्याचा आशय. मराठीत त्याचा 'अदृश्य हात' झाला. पण एखाद्या प्रकरणामागे 'कोणाचा तरी हात आहे' असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्यास कारस्थानाचा वास येत असतो. जेथे स्मिथ यांना कोणाचाच हेतू अभिप्रेत नव्हता, तेथे वाचकास छुपा सूत्रधार दिसू लागतो. पाठांतराने हा घोटाळा सुटत नाही.

कित्येकदा तर वाक्प्रचारच वस्तुस्थितीवर पांघरूण घालतो. भक्कम कंपन्यांच्या शेअरांना 'ब्लू चिप' म्हणतात. हा शब्द पोकर या जुगाराच्या पटावरून आला. तेथे निळी सोंगटी सर्वांत मोलाची मानली जाई. निवृत्तीची पुंजी शेअरांत घालू पाहणाऱ्या कारकुनास ही व्युत्पत्ती ठाऊक असली, तर बिघडणार काहीच नाही. उलट त्या नावातच सुरक्षिततेची हमी आहे, असे तो समजणार नाही.

याहून बोलके उदाहरण 'हेअरकट'चे. तारणाच्या किमतीतून धनको जी टक्केवारी सावधगिरी म्हणून वजा करतो, तिला बाजारात हे नाव आहे. आणि थकलेल्या कर्जापैकी जी रक्कम धनकोस सोडून द्यावी लागते, तिलाही. २०१२ साली ग्रीसच्या सरकारी रोख्यांच्या खाजगी धारकांनी दर्शनी मूल्यात ५३.५ टक्क्यांची कपात पत्करली, तो 'हेअरकट'च होता. भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतर हा शब्द बँकांच्या बातम्यांतून नित्याचा झाला. शंभर कोटींच्या येण्यापोटी तीस कोटी वसूल झाले, तर बँकेस सत्तर टक्क्यांचा 'हेअरकट' बसला, असे लिहिले जाते. जणू केस थोडे कापले, महिनाभरात पुन्हा वाढतील! वस्तुतः ते सत्तर कोटी बुडालेले असतात. बँक सरकारी असेल आणि तिचे भांडवल सरकारला पुन्हा भरावे लागले, तर तो भार अखेर करदात्यावर येतो. मराठीत 'हजामत करणे' म्हणजे लुबाडणे. या एका ठिकाणी भाषांतर मुळापेक्षा अधिक प्रामाणिक ठरावे, हा योगायोग मार्मिक म्हटला पाहिजे.

तेव्हा शिक्षकांनी वाक्प्रचारांच्या याद्या आखूड कराव्यात आणि प्रत्येकामागे तीन प्रश्न विचारावेत: हा कोणत्या व्यवहारातून आला, त्यातून काय सांगितले जाते व काय झाकले जाते, आणि तीच गोष्ट मराठी माणूस कशी सांगेल? तेजी-मंदी, गंगाजळी, बुडीत कर्ज, दुभती गाय हे शब्द मराठीत कोणी नेमलेल्या समितीने आणले नाहीत. ते पेढीवरून, बाजारातून आणि गोठ्यातून आले. त्यांच्याशी सांगड घातली, तर इंग्रजी वाक्प्रचार गुणांपुरता न राहता समजुतीचा होईल. आपल्याच पैशाचा हिशेब ज्या भाषेत मांडला जातो, ती भाषा नागरिकास नुसती पाठ असून भागणार नाही. ती त्यास उमगली पाहिजे.