घरगुती व्यायामशाळा : आधी मात्रेचा विचार, मग उपकरणांचा

स्थौल्य वा प्रमेहाच्या रुग्णास आपण औषधाची मात्रा, काल, अनुपान, पथ्य सर्व काही तपशिलाने लिहून देतो. आणि औषधपत्राच्या तळाशी 'व्यायाम करणे' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतो. कोणता, किती, कशाने, किती काळाने वाढवावयाचा, याविषयी मौन. ही उणीव रुग्ण मग दुकानातील विक्रेत्याकडून भरून काढतो.

मार्च २०२० पासून महाराष्ट्रातील व्यायामशाळा सुमारे सात महिने बंद होत्या. त्या २५ ऑक्टोबर २०२० रोजी पुन्हा उघडल्या. त्या काळात पुण्यातील असंख्य सदनिकांत डंबेल्स, बार, बाके, यंत्रे आली आणि तेव्हापासून 'घरी काय घ्यावे?' हा प्रश्न चिकित्सालयातही विचारला जाऊ लागला. याचे उत्तर वैद्याने द्यावे, कारण तो मुळात मात्रेचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

काही वैद्यबंधूंना वजने उचलणे हा परकीय प्रकार वाटतो. हे योग्य नव्हे. शुक्रवार पेठेतील चिंचेची तालीम असो की पेठापेठांतील इतर तालमी, जोर-बैठकांच्या बरोबरीने मुद्गल, करेल, गदा, नाल ही भाराचीच साधने तेथे वापरात होती. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने शारीरिक शिक्षणाची शिस्तबद्ध परंपरा याच शहरात रुजविली. तेव्हा लोखंडी तबकडी नवी असली तरी तिच्यामागील कल्पना आपल्याला परकी नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यासही शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, इतर ऋतूंत त्याहूनही अल्प. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, कास, ज्वर संभवतात, असा इशाराही दिला आहे. मग भार सतत वाढवीत जाणारा व्यायाम आपण कसा सांगावा? माझ्या मते येथे विरोध नाही. अर्धशक्ती हे प्रमाण ठराविक नसून त्या त्या व्यक्तीच्या बलावर अवलंबून आहे. बल वाढले की त्याचे अर्धही वाढते. कपाळ, नासिका, संधी यांवर येणारा घाम आणि मुखशोष ही लक्षणे दिसताच थांबणारा मनुष्यही काही महिन्यांनी अधिक भार उचलू शकतो. ताकद वाढण्यासाठी प्रत्येक वेळी पूर्ण थकेपर्यंत उचलणे आवश्यक नाही, असे आधुनिक संशोधनातही दिसून आले आहे.

यावरून निवडीची कसोटी आपोआप निघते : ज्या उपकरणाने मात्रा बारकाईने कमी-अधिक करता येते, ते चांगले. तालमीत लहान-मोठ्या मुद्गलांची रांग असे, ती याचसाठी. दोन खोल्यांच्या घरात ती रांग मावत नाही आणि मुद्गल फिरविताना छताचा पंखाही आड येतो. तेथे तबकड्या बदलता येणारी डंबेलची जोडी हाच उत्तम पर्याय.

मात्र एक बाब विक्रेता सहसा सांगत नाही. सव्वा किलोची तबकडी दोन्ही टोकांस चढविली की भार एकदम अडीच किलोंनी वाढतो. वीस किलो उचलणाऱ्या तरुणास ते अल्प. पाच किलो उचलणाऱ्या प्रौढ स्त्रीस ती दीडपट मात्रा होय. अशा रुग्णासाठी अर्ध्या किलोच्या तबकड्या आवर्जून घ्यावयास सांगाव्या. तबकडीवर कोरलेले वजन एकदा काट्यावर तोलून पाहावे. औषधी दुकानदारांस हे सांगणे नलगे.

लांब बार प्रत्येकास लागत नाही. पुरुषांच्या स्पर्धेचा बार २० किलोंचा व २.२ मीटर लांब असतो. त्याची टोके ५० मिलिमीटर जाडीची असल्याने घरगुती बारच्या लहान भोकाच्या तबकड्या त्यात बसत नाहीत. म्हणून सर्व सामान एकाच मापाचे घ्यावे. बार घेतलाच तर भार अडविणारे आडवे दांडे असलेला भक्कम सांगाडा त्यासोबत हवाच. एकट्याने छातीवर बार घेणे धोक्याचे आहे. निवासी खोलीची जमीन भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चलभार धरून आखलेली असते. तेव्हा भार एका कोपऱ्यात रचू नये, आपटू नये, खाली जाड रबरी चटई असावी. तारा-कप्प्यांची महागडी यंत्रे जागा अडवितात आणि पुढे कपडे वाळविण्याच्या कामी येतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

साधनाआधी रुग्णपरीक्षण मात्र अनिवार्य. अनियंत्रित रक्तदाब, अंत्रवृद्धी, रक्तस्रावी अर्श, मधुमेहजन्य नेत्रपटलविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांत भार देऊ नये. श्वास रोखून उचलण्याने रक्तदाब एकाएकी चढतो. उचलताना श्वास सोडण्यास शिकवावे. दुसरीकडे, वृद्धांस 'केवळ चाला' एवढेच सांगणे अपुरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांस व वृद्धांसही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूबलाचा व्यायाम सांगितला आहे. भोजनोत्तर साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. मांसधातू क्षीण झालेल्या प्रमेही रुग्णास नुसते मेदोहर औषध देऊन आपण अर्धेच काम करतो.

औषधी दुकानदार बंधूंस एक विनंती. घरी डंबेल्स आणणारा तरुण दुसऱ्याच दिवशी प्रथिनांची भुकटी वा 'वजन वाढविणारे चूर्ण' मागावयास येतो. ज्यावर घटक व उत्पादकाचा परवाना स्पष्ट नाही, असे चूर्ण नफा कितीही असला तरी फळीवर ठेवू नये. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत. त्याचा दोष अखेर आयुर्वेदाच्याच माथी येतो.

आपल्या संघटनेने एक पानी व्यायामपत्रक तयार करावे, अशी सूचना आहे. त्यात प्रकृती, वय, बल, ऋतू, निषिद्ध अवस्था, आरंभीचा भार, आवृत्त्या आणि भार वाढविण्याची तारीख यांचे रकाने असावेत. औषधपत्रासोबत ते दिले गेले, तर 'व्यायाम करणे' या दोन शब्दांना चिकित्सेचे स्वरूप येईल; आणि उपकरण कोणते घ्यावे हे विक्रेत्याऐवजी रुग्णाचे बल ठरवील.