मालवणचं स्कूबा: कुणासाठी पैसा वसूल, कुणासाठी फसवणूक; आणि तोंडवलीचा प्रश्न काय आहे?

मालवणला जाऊन आलेल्या दोन कुटुंबांना स्कूबा डायव्हिंगबद्दल विचारून पाहा. एक घर मोबाइलमधला व्हिडिओ दाखवत सुटेल: रंगीत मासे, प्रवाळ, पाण्याखालून हात हलवणारी मुलगी. दुसरं घर म्हणेल, तासभर बोटीवर ताटकळलो, पाण्यात जेमतेम दहा मिनिटं, वर पाणी गढूळ आणि मास्कमध्ये खारं पाणी.

विशेष म्हणजे दोघंही खरं सांगत असतात.

हाच मतभेद आता मालवणच्या उत्तरेला, तोंडवलीच्या किनाऱ्यावरही पोहोचला आहे. तिथे वाद फक्त पर्यटकाच्या पैशांचा नाही. कसलं रिसॉर्ट हवं, कुणाचं हवं आणि मुळात हवं का, हा आहे.

एकच नाव, दोन वेगळ्या गोष्टी

मालवणमध्ये 'स्कूबा' म्हणून जे सर्वाधिक विकलं जातं, ते खरं तर पाण्याखालची छोटीशी ओळख असते. तोंडी सूचना, मास्क, आणि प्रशिक्षक हात धरून काही मीटर खाली नेतो. काही ठिकाणी सिलिंडर पाठीवर नसतो, तो बोटीवर असतो आणि लांब नळीतून हवा येते. पोहता येत नसलेल्यांनाही हे करता येतं, म्हणूनच ते इतकं लोकप्रिय आहे. पॅरासेलिंग आणि बनाना राइडसोबत एकाच पॅकेजमध्ये ते बसतं.

दुसरा प्रकार म्हणजे रीतसर कोर्स. त्यात काही दिवसांचं प्रशिक्षण, तलावातला सराव आणि मग समुद्र. ओपन वॉटर प्रमाणपत्र मिळालेला प्रौढ डायव्हर 18 मीटरपर्यंत उतरू शकतो. तारकर्लीत एमटीडीसीची 'इसदा' ही संस्था असे कोर्स घेते.

पहिला प्रकार घेऊन दुसऱ्याची अपेक्षा ठेवली, तर फसल्यासारखं वाटणारच. त्यात हंगामाची भर. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ आणि प्लवकांनी भरलेला असतो. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं. तरीही कॅरिबियन समुद्रात चांगल्या दिवशी 20 ते 30 मीटरपर्यंत जे स्वच्छ दिसतं, ते इथे मिळणार नाही. तसे फोटो लावून मालवणची जाहिरात करणाऱ्यांना मात्र कुणी विचारत नाही.

मे महिन्यात सुट्ट्यांमुळे गर्दी शिगेला आणि समुद्र खवळायच्या बेतात, असा उलटा हिशेब असतो. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला.

कॅरिबियनमध्ये भांडण संपलं का?

नाही. तिथेही एकाला मोठ्या हॉटेलातली सोय आवडते, दुसऱ्याला चार खोल्यांचं डायव्ह रिसॉर्ट. पण बोनेर या छोट्या बेटाची गोष्ट मालवणसाठी फार जवळची आहे. तिथलं सागरी उद्यान 1979 मध्ये झालं, क्षेत्रफळ सुमारे 27 चौरस किलोमीटर. मालवण सागरी अभयारण्य 1987 चं, 29.12 चौरस किलोमीटर. आकाराने जवळपास सारखीच.

बोनेरचं उद्यानही आधी पैसे संपल्यामुळे कागदावरच उरलं होतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुन्हा उभं केलं गेलं आणि 1992 पासून प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला 10 डॉलर शुल्क घेणं सुरू झालं. पर्यटक पळून जातील ही भीती होती. ती फोल ठरली. त्याच सुमारास अर्थतज्ज्ञ जॉन डिक्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत बहुसंख्य डायव्हर शुल्क द्यायला तयार निघाले. आज ते शुल्क कितीतरी पटींनी वाढलं आहे आणि उद्यानाचा कारभार मुख्यतः त्यावरच चालतो.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा. एका ठिकाणी वर्षाला साधारण 4,000 ते 6,000 पेक्षा जास्त डाइव्ह झाल्या की प्रवाळाची हानी दिसू लागते, असा त्यांचा अंदाज होता.

हा आकडा बोनेरचा आहे, मालवणचा नव्हे. पण साधं गणित करून पाहा. एका जागी दिवसाला 100 जण उतरले, तर 5,000 चा आकडा 50 दिवसांत पार होतो. मालवणची डुबकी छोटी असते हे खरं. पण नवखा माणूस घाबरून पाय टेकवतो तो अनेकदा प्रवाळावरच. शिवाय बोटींचे नांगर, आणि फोटोसाठी मासे जमावेत म्हणून टाकलेलं खाणं.

मग अभयारण्य काय करतं?

मालवणच्या अभयारण्याला मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला. मासेमारीवर बंदी येईल ही त्यांची धास्ती होती, आणि पोट त्यावरच असताना ती अनाठायी म्हणता येत नाही. परिणाम असा की सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं संरक्षण बऱ्याच अंशी कागदावर राहिलं आणि पर्यटन मात्र प्रत्यक्षात आलं.

इथे एक गैरसोयीची गोष्ट सांगायला हवी. किल्ल्याभोवतीची गर्दी कुठल्या बड्या कंपनीच्या रिसॉर्टने केलेली नाही. ती प्रामुख्याने छोट्या, स्थानिक बोटींची आहे. त्यातून शेकडो घरं उभी राहिली, मुंबईला गेलेली पोरं परत आली, हे मोलाचं आहेच. पण 'स्थानिक असलं की समुद्राला त्रास नाही' हे प्रवाळाला लागू होत नाही. त्याला फक्त किती पाय पडले एवढंच कळतं.

तोंडवलीत वाद कसला?

तोंडवली-वायंगणी परिसरात 'सी वर्ल्ड' हा मोठा सागरी पर्यटन प्रकल्प आणण्याचा सरकारचा प्रस्ताव होता. सुरुवातीला त्यासाठी तेराशेहून अधिक एकर जमिनीची चर्चा होती. बागा, घरं आणि शेती जाणार म्हणून ग्रामस्थ विरोधात उभे राहिले, पुढे जमीन कमी करण्याची भाषा झाली, राजकीय पक्ष दोन्ही बाजूंनी उतरले. प्रकल्प उभा राहिला नाही.

समर्थकांचा मुद्दा पोकळ नव्हता. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तरी तरुणांना रोजगारासाठी मुंबई-गोवा गाठावं लागतं. विरोधकांचा सवालही साधा होता: जमीन आमची गेल्यावर आम्ही तिथे वेटर म्हणून उभं राहायचं का?

त्यामुळे 'मोठं रिसॉर्ट की घरगुती न्याहारी निवास' अशी निवड समोर ठेवली जाते. ती अपुरी आहे. न्याहारी निवासात पैसा गावात राहतो, हा त्याचा खरा फायदा. पण पन्नास घरांच्या पाहुण्यांना एकाच खडकावर नेलं, तर समुद्राच्या दृष्टीने ते मोठ्या रिसॉर्टइतकंच. कुठल्या जागी दिवसाला किती माणसं, नांगराऐवजी कायमचे बांधलेले बोये आहेत का, आणि पर्यटकाच्या शुल्कातला वाटा अभयारण्यामुळे ज्यांची मासेमारी आक्रसेल त्या मच्छीमारापर्यंत जातो का, हे तीन प्रश्न मालवणमध्ये वेळेवर विचारले गेले नाहीत. तोंडवलीत अजून विचारता येतील, कारण तिथला किनारा तुलनेने मोकळा आहे आणि रापणीला लागणारी वाळूही शिल्लक आहे.

चौथा प्रश्न जमिनीचाच. तोंडवलीपासून तळाशीलपर्यंतची पट्टी एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कालावल खाडी, अशी चिंचोळी आहे. तळाशीलला समुद्र किनारा कापत चालल्याची तक्रार ग्रामस्थ वर्षानुवर्षं करत आहेत आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी लावून धरत आहेत. वाळूच्या अशा पट्टीत विहिरींना गोडं पाणी मोजकंच असतं, उपसा वाढला की ते मचूळ होतं. रिसॉर्ट चार खोल्यांचं असो वा चारशे, आंघोळीचं पाणी याच विहिरींतून येणार आणि सांडपाणी याच वाळूत मुरणार.